वसुलीवाल्यांचा तगादा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

कर्जवसुलीबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. नावं गाळली आहेत आणि एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरं वाचण्याआधी एक पाहून ठेवा : तुमचं कर्ज नेमकं कुणाचं आहे? बँकेचं, एनबीएफसीचं (म्हणजे बिगरबँक वित्त कंपनीचं), पतसंस्थेचं की सावकाराचं? नियम आणि तक्रारीची जागा यावरच ठरते. बऱ्याच तक्रारी चुकीच्या दारात गेल्यामुळे वाया जातात.

प्रश्न : पर्सनल लोनचे तीन हप्ते थकले आहेत. सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत वेगवेगळ्या नंबरांवरून फोन येतात. परवा ऑफिसच्या लँडलाइनवर फोन करून रिसेप्शनला सांगितलं, ‘तुमचा माणूस बँकेचे पैसे बुडवून बसलाय.’ पैसे देणं लागतो हे खरंच आहे. मग तक्रार करायला मला तोंड आहे का?

आहे. हप्ता थकणं हा कराराचा भंग आहे, गुन्हा नव्हे. आणि देणं लागतो म्हणून कुणी चारचौघांत अब्रू काढावी असं कुठल्याही कायद्यात नाही. रिझर्व्ह बँकेच्या १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने बँका, सहकारी बँका आणि एनबीएफसी या सगळ्यांना बजावलं आहे की थकीत कर्जासाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही. सारखे फोन करणं, निनावी किंवा धमकीचे फोन, मोबाइलवर किंवा सोशल मीडियावर आक्षेपार्ह मेसेज, चारचौघांत अपमान, घरच्यांच्या, मित्रांच्या किंवा रेफरन्स दिलेल्यांच्या खासगीपणात घुसणं, खोटी माहिती देऊन घाबरवणं हे सगळं त्यात मना आहे. एजंट बाहेरच्या कंपनीचा असला तरी त्याच्या वागण्याची जबाबदारी बँकेचीच. ‘तो आमचा माणूस नाही’ असं म्हणून बँकेला हात झटकता येत नाहीत.

आता करायचं काय? आधी एक वही घाला. तारीख, वेळ, नंबर, बोलणाऱ्याने सांगितलेलं नाव आणि त्याचं नेमकं वाक्य, जसं बोलला तसं. ‘खूप त्रास देतात’ या तक्रारीला वजन नसतं, ‘दि. १२ रोजी सकाळी ७.१० वाजता अमुक नंबरवरून कार्यालयाच्या दूरध्वनीवर फोन, सहकाऱ्याला थकबाकीची माहिती दिली’ याला असतं. फोन उचलणाऱ्या सहकाऱ्याकडून दोन ओळी लिहून घेता आल्या तर फारच चांगलं. कॉल लॉगचे स्क्रीनशॉट रोजच्या रोज काढा, कारण बऱ्याच फोनमध्ये जुन्या नोंदी आपोआप पुसल्या जातात.

मग बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. शाखेत तोंडी सांगितलेलं कुठेच नोंदलं जात नाही. मजकूर साधारण असा :

‘कर्ज खाते क्र. … संदर्भात सोबतच्या यादीतील तारखांना व वेळांना विहित वेळेबाहेर आणि माझ्या कामाच्या ठिकाणी फोन आले. माझे खाते कोणत्या वसुली एजन्सीकडे दिले आहे, तिचे नाव व फोन क्रमांक कळवावेत. या सर्व कॉलचे ध्वनिमुद्रण जतन करावे. यापुढे माझ्याशी फक्त … या मोबाइलवर, … ते … या वेळेत किंवा ईमेलने संपर्क साधावा. मी कर्ज नाकारत नाही. परतफेडीचा प्रस्ताव सोबत आहे.’

यातली ध्वनिमुद्रणाची ओळ गाळू नका. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २००८ च्या परिपत्रकानुसार वसुलीच्या फोनचं रेकॉर्डिंग ठेवणं बँकेला भाग आहे. ते जपून ठेवा असं लेखी मागितलेलं असलं की पुढे ‘रेकॉर्डिंग मिळत नाही’ या उत्तराचा फटका त्यांनाच बसतो. त्याच परिपत्रकात कर्जदारांच्या फार कामाचं आणखी एक कलम आहे : कर्जदाराची तक्रार प्रलंबित असताना तिचा निकाल लागेपर्यंत प्रकरण वसुली एजन्सीकडे द्यायचं नाही. मात्र कर्जदार उगाचच तक्रारींवर तक्रारी करतो आहे असं बँकेकडे पुराव्यानिशी असेल तर ही सवलत मिळत नाही. म्हणून तक्रार एकच करा, पण तारीखवार आणि पुराव्यांसकट.

३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. ‘सीएमएस’ या रिझर्व्ह बँकेच्या तक्रार पोर्टलवर अर्ज करता येतो, पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. उलट वकिलामार्फत केलेला अर्ज घेतलाच जात नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. लोकांचा अर्ज हमखास फेटाळला जातो तो दोन कारणांनी : बँकेकडे आधी लेखी तक्रारच केलेली नसते, किंवा तोच वाद ग्राहक आयोगात वा न्यायालयात आधीच चालू असतो.

प्रश्न : दोघंजण दारात आले, ‘बँकेतून आलोय, आत्ता पंधरा हजार द्या’ म्हणाले. खरे की खोटे कसं ओळखायचं? रोख द्यावी का?

दार उघडण्याआधी ओळखपत्र मागा, मग बँकेने त्या एजन्सीला दिलेलं अधिकारपत्र आणि तुम्हाला पाठवलेल्या नोटिशीची प्रत. ही तिन्ही एजंटने बाळगायचीच असतात. नोटिशीवर आणि अधिकारपत्रावर एजन्सीचे फोन नंबर असायला हवेत. एजन्सीचं नाव बँकेच्या वेबसाइटवरच्या यादीत आहे का ते तिथल्या तिथे मोबाइलवर पाहा. आयआयबीएफ या संस्थेचं डीआरए (म्हणजे वसुली एजंटचं) प्रमाणपत्रही विचारा. खऱ्या एजंटला या प्रश्नांची सवय असते. जो चिडतो, त्याच्याशी दाराबाहेरच बोला.

रोख देऊ नका. द्यायचेच असतील तर बँकेच्या ॲपवरून किंवा शाखेत थेट कर्जखात्यात भरा. एजंटच्या स्वतःच्या यूपीआयवर पाठवलेले पैसे कर्जखात्यात दिसत नाहीत आणि नंतर ‘उसने दिले होते’ असा वाद उभा राहतो. रोख दिलीच तर बँकेची छापील पावती आणि बँकेकडून आलेला एसएमएस, दोन्ही हातात पडल्याशिवाय माणसाला सोडू नका.

घरात शिरण्याचा, सामान उचलण्याचा, गेटवर नाव लावण्याचा त्यांना अधिकार नाही. शिरलेच तर ११२ ला फोन करा. घरात नुकताच मृत्यू किंवा तसाच गंभीर प्रसंग झाला असेल तर त्या काळात येऊ नये, असं बँकांच्या संघटनेच्या आदर्श वसुली संहितेतही आहे. ते वाक्य अर्जात लिहायला हरकत नाही.

प्रश्न : आमच्या गटातल्या महिलेचा मायक्रोफायनान्सचा हप्ता राहिला. कंपनीचा माणूस रात्री आठपर्यंत तिच्या घरी बसून राहतो आणि बाकीच्या बायकांना ‘तुम्ही भरा’ म्हणतो.

सूक्ष्मकर्जाला वेगळे आणि अधिक कडक नियम आहेत, मार्च २०२२ चे. फोनची वेळ सकाळी ९ ते संध्याकाळी ६. हप्ता दोघांनी मिळून ठरवलेल्या जागीच घ्यायचा. कर्जदार त्या जागी लागोपाठ दोन किंवा अधिक वेळा आली नाही तरच माणूस घरी किंवा कामाच्या ठिकाणी जाऊ शकतो. कर्जदाराचं नाव जाहीर करणं, नातेवाइकांना वा सहकाऱ्यांना छळणं मना आहे. बाकीच्या बायकांची जबाबदारी त्यांनी कशावर सह्या केल्या आहेत त्यावर ठरते; ते कागद मागवा, प्रत देणं कंपनीचं काम आहे. तक्रार गटाने मिळून, सगळ्यांच्या सह्यांनी करा. एकटीने केलेल्या तक्रारीनंतर पुढच्या कर्जाची भीती घालून तिला गप्प बसवतात.

प्रश्न : मित्राने कर्ज घेताना माझा नंबर ‘रेफरन्स’ म्हणून दिला. आता वसुलीवाले मला पैसे मागतात.

तुम्ही जामीनदार म्हणून सही केली नसेल तर एक रुपयाही देणं लागत नाही. रेफरन्स म्हणजे फक्त ओळखीचा माणूस. ‘मी जामीनदार नाही, माझा क्रमांक नोंदीतून काढा’ असा ईमेल बँकेला करा. पुन्हा फोन आला तर बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. जामीनदार असाल तर मात्र गोष्ट वेगळी. करार कायद्याच्या कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि बँक आधी कर्जदाराकडे न जाता सरळ तुमच्याकडे येऊ शकते.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली. वर अशोकस्तंभ, खाली ‘अटक वॉरंट, लोकअदालत, उद्या सकाळी ११ पर्यंत न भरल्यास पोलीस घरी’. खरंच पोलीस येतील का?

अशा पीडीएफ आमच्याकडे बऱ्याच आल्या. एक समोर ठेवून वाचू. वर राजमुद्रा, पण न्यायालयाचं नाव फक्त ‘डिस्ट्रिक्ट कोर्ट’, जिल्हा नाही. खटला क्रमांक आहे, पण वर्ष नाही. सही एका वकिलाची, तीही स्कॅन केलेली. वॉरंट न्यायाधीश काढतात, वकील नव्हे! आणि खाली पैसे भरायचा क्यूआर कोड. एकाच कागदावर न्यायालय, पोलीस आणि क्यूआर कोड दिसला की तो कागद बनावट समजावा. तपासायचं असेल तर सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक (प्रत्येक खटल्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) मागा आणि ‘ई-कोर्ट्स’ ॲपमध्ये टाका. खटला असेल तर तिथे पुढची तारीखही दिसते.

लोकअदालत ही तडजोडीची जागा आहे. बोलावणं आलं तरी जाणं ऐच्छिक. न गेल्याने वॉरंट निघत नाही. जाण्यात फायदा मात्र असू शकतो, कारण तिथे बँकांचे अधिकारी व्याज कमी करायच्या तयारीने बसलेले असतात. तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. म्हणून झेपेल तेवढ्याच आकड्यावर सही करा.

पण घाबरायचं नाही म्हणजे सगळेच कागद केराच्या टोपलीत टाकायचे असं नाही. चेक न वटल्यास निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ खाली खरोखर फौजदारी खटला होतो. चेक परतल्याची माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती तुम्हाला मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरायची मुदत, त्यानंतर महिन्याच्या आत तक्रार असा तो क्रम. खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता शिल्लक नसल्याने परत गेला तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स ॲक्टच्या कलम २५ खाली तसंच होऊ शकतं. कर्जापोटी कोरे चेक देऊन ठेवले असतील तर या दोन नोटिशींकडे डोळेझाक परवडत नाही.

दिवाणी दाव्यात संक्षिप्त (म्हणजे झटपट चालणाऱ्या) दाव्याचं समन्स आलं तर दहा दिवसांत हजेरी नोंदवावी लागते. लवादाची (म्हणजे न्यायालयाबाहेर वाद सोडवायला नेमलेल्या पंचाची) नोटीस बहुतेक वेळा ईमेलवर येते आणि स्पॅममध्ये पडून राहते. लवाद एकट्या बँकेने परस्पर नेमला असेल तर त्यावर पहिल्याच तारखेला लेखी हरकत घ्या. निवाडा झाला तर तो आव्हानित करायला तीन महिने असतात. घर गहाण असेल तर सरफेसी कायद्याच्या (बँकेला तारणाचा ताबा घेऊ देणाऱ्या कायद्याच्या) कलम १३(२) ची नोटीस येते : भरायला ६० दिवस. त्या मुदतीत हरकत लेखी कळवा, बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पुढे ताब्याची कारवाई झाली तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरण गाठायचं. शेतजमिनीला हा कायदा लागू नाही.

हुकूमनामा (म्हणजे न्यायालयाचा वसुलीचा निकाल) झाल्यावरही सगळं ओरबाडून नेता येत नाही. पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्तीबाहेर असतात, पीएफ आणि सरकारी पेन्शनला हात लावता येत नाही. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला दिवाणी अटक करता येत नाही. पुरुषाच्या बाबतीतही ऐपत असून मुद्दाम टाळतो हे न्यायालयात सिद्ध व्हावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने हे १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात सांगितलं.

प्रश्न : लोन ॲपवरून आठ हजार घेतले, सात दिवसांत बारा मागतायत. माझे फोटो बदलून कॉन्टॅक्ट लिस्टमधल्या सगळ्यांना पाठवतायत.

हे कर्ज नाही, खंडणी आहे. एकदा भरलं की मागणी थांबत नाही, वाढते; आणि ते भागवायला दुसरं ॲप उतरवलं की गळ्यात दुसरा फास पडतो. आधी पुरावा घ्या : ॲपचं नाव, मेसेज, नंबर, बदललेले फोटो आणि बँकेचं स्टेटमेंट. आठ हजार कुणाच्या खात्यातून आले ते त्या स्टेटमेंटवर दिसतं. नियमातल्या डिजिटल कर्जात पैसे थेट बँकेच्या किंवा एनबीएफसीच्या खात्यातून यायला हवेत. तिसऱ्याच कुणाच्या खात्यातून आले असतील तर ॲप बेकायदा असण्याची शक्यता दाट.

पुरावा घेतल्यावर सेटिंग्जमध्ये जाऊन ॲपच्या सगळ्या परवानग्या काढा आणि मगच ॲप उडवा. कर्जाच्या ॲपने कॉन्टॅक्ट लिस्ट, फोटो किंवा कॉल लॉग पाहणं रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांत मुळातच बंद आहे. कॅमेरा, मायक्रोफोन, लोकेशन ही परवानगी फक्त सुरुवातीच्या केवायसीपुरती, एकदाच, तुमच्या संमतीने.

मग १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार. पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८ (खंडणी) आणि ३५१ (धमकी), अश्लील फोटो असतील तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ यांचा उल्लेख अर्जात करा. अदखलपात्र नोंद करून परत पाठवलं तर तिचीही प्रत घ्या आणि वरिष्ठांकडे, म्हणजे पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांकडे, अर्ज पोस्टाने पाठवा. ॲपमागे नोंदणीकृत कंपनी नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर कळवा. असेल तर पहिल्या उत्तरातला लोकपालाचा रस्ता आहेच. ओळखीच्यांना एकच मेसेज : ‘माझा फोन डेटा चोरीला गेला आहे, येणारे फोटो बनावट आहेत, नंबर ब्लॉक करा, तक्रार केली आहे.’ लाजून गप्प राहण्यावरच या टोळ्यांचा धंदा चालतो.

प्रश्न : बाइकचे दोन हप्ते राहिले. चौकात चौघांनी अडवून चावी काढून घेतली.

वाहन तारण असल्यामुळे ते ताब्यात घ्यायचं कलम करारात असू शकतं, पण रस्त्यात अडवून हिसकावून घेण्याचा परवाना त्यात नसतो. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सिटिकॉर्प मारुती फायनान्स विरुद्ध एस. विजयालक्ष्मी या खटल्यात स्पष्ट केलं की हायर पर्चेसमध्येसुद्धा (जिथे हप्ते फिटेपर्यंत मालकी कंपनीचीच असते) वसुली कायदेशीर मार्गानेच हवी, बळाने नाही. ताब्याची नोटीस किती दिवसांची, ती कधी माफ होते, विकण्याआधी कर्जदाराला शेवटची संधी कशी द्यायची, लिलाव कसा करायचा हे सगळं करारात लिहिलेलं असावं असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे.

त्याच दिवशी तीन कामं करा. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज. त्यात गाडीत काय काय होतं (कागदपत्रं, हेल्मेट, सामान) याची यादी. बँकेला ईमेल : गाडी कोणत्या यार्डात आहे आणि सोडवायला नेमकी किती रक्कम लागेल याचा खुलासा मागा. आणि ‘लिलावाआधी लेखी नोटीस द्यावी’ ही मागणी. पावती न देता गाडी नेली असेल तर हे तिसरं काम सगळ्यांत महत्त्वाचं, कारण स्वस्तात विकून उरलेली रक्कम पुन्हा तुमच्याच नावावर काढतात. पहिल्या आठवड्यात हालचाल केली तर गाडी बहुधा यार्डातच सापडते.

प्रश्न : वडील वारले. त्यांच्या क्रेडिट कार्डाचे दीड लाख मुलांनी भरावेत म्हणतात.

वारसांवर कर्जाचा बोजा येतो तो फक्त वडिलांकडून मिळालेल्या मालमत्तेच्या किमतीपुरता. काही मिळालंच नसेल तर स्वतःच्या पगारातून भरायचं बंधन नाही. ‘बापाचं कर्ज फेडणं मुलाचं कर्तव्य’ ही जुन्या हिंदू कायद्यातली जबाबदारी २००५ च्या दुरुस्तीने पुढच्या कर्जांसाठी काढून टाकली. पीएफची नॉमिनीला मिळालेली रक्कमही मृताच्या कर्जापोटी जप्त होत नाही. सहकर्जदार किंवा जामीनदार असाल तर हे लागू नाही.

मृत्यू दाखल्याची प्रत देऊन मृत्यूच्या तारखेचा हिशेब मागा, कार्डावर किंवा कर्जावर विमा होता का ते विचारा. ‘फक्त पोच म्हणून’ पुढे केलेल्या कागदावर सही करताना नीट वाचा. ‘मी ही रक्कम भरण्याची हमी देतो’ असं एक वाक्य आत असलं की तुम्ही नवे देणेकरी झालात.

प्रश्न : २०१६ मध्ये कार्डाचे ३८ हजार राहिले होते. आता दुसरीच कंपनी दोन लाख मागते, म्हणते ‘निदान पाचशे तरी भरा, फाइल चालू ठेवू’.

पाचशे भरू नका आणि काही लिहूनही देऊ नका. पैशाच्या दाव्याची मुदत तीन वर्षं. शेवटचा भरणा २०१६ चा असेल आणि नंतर लेखी कबुली दिलेली नसेल तर न्यायालयातून वसूल करायचा मार्ग बंद झालेला आहे. मुदत चालू असताना सहीनिशी दिलेली कबुली किंवा केलेला भरणा तीन वर्षं नव्याने सुरू करतो. मुदत संपल्यावर मात्र नुसत्या भरण्याने कर्ज जिवंत होत नाही, ‘देईन’ असं लेखी सहीनिशी दिलेलं वचन ते जिवंत करतं. एजंटला खरं तर तो कागद हवा असतो, पाचशे रुपये हे निमित्त. हिशेब करताना एक लक्षात ठेवा : कोविडमुळे सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला आहे. त्यामुळे २०१८-१९ मधल्या थकबाकीची मुदत वाटते त्यापेक्षा बरीच लांबते.

कर्ज विकत घेतल्याचं पत्र आणि ३८ हजारांचे दोन लाख कसे झाले याचा महिनावार हिशेब मागा. क्रेडिट रिपोर्टमध्ये काय दिसतं तेही पाहा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क हे चौघं वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट देतात. नोंद चुकीची असेल आणि तक्रारीनंतर ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. नोंद खरी असेल तर कर्ज मुदतबाह्य झालं तरी ती आपोआप पुसत नाही. घरकर्ज काढायचं मनात असेल तर तडजोड करण्यात अर्थ आहे. नसेल तर घाई कशाला?

प्रश्न : एजंट म्हणतो, ‘चाळीस टक्क्यांत मिटवून देतो.’ सेटलमेंट करताना काय बघायचं?

आधी पत्र, मग पैसे. पत्र बँकेच्या लेटरहेडवर, अधिकृत ईमेलवरून आलेलं, त्यात खाते क्रमांक, एकूण रक्कम, हप्त्यांच्या तारखा आणि ‘ही रक्कम मिळाल्यावर कोणतीही बाकी राहणार नाही’ हे वाक्य. शाखेत फोन करून पत्राचा खरेपणा तपासा. एक हप्ता एक दिवस उशिरा गेला तरी सवलत रद्द, असं कलम बहुतेक पत्रांत असतं. त्यामुळे जमल्यास एकरकमी भरा.

रिपोर्टमध्ये ‘सेटल्ड’ असं येतं, ‘क्लोज्ड’ नाही, आणि पुढची बँक त्या शब्दावर अडते. म्हणून मुद्दल आणि नेहमीचं व्याज झेपत असेल तर फक्त दंड माफ करून घेऊन पूर्ण भरणा करणं बहुतेक वेळा जास्त शहाणपणाचं. दंडाबद्दल : एप्रिल २०२४ पासूनच्या नव्या कर्जांवर दंडव्याज लावता येत नाही, फक्त दंडशुल्क, आणि त्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. हिशेबात ‘पीनल इंटरेस्ट’ दिसलं तर तिथेच बोट ठेवा. घराचे मूळ कागद बँकेकडे असतील तर खातं मिटल्यापासून ३० दिवसांत परत द्यायला हवेत, उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई.

थकलेल्या कर्जाच्याच बँकेत पगार जमा होत असेल तर ती रक्कम कर्जापोटी वळती होऊ शकते. बोलणी सुरू करण्याआधी पगाराचं खातं दुसऱ्या बँकेत न्या.

प्रश्न : पतसंस्थेचा वसुली अधिकारी आणि गावातला सावकार, दोघांचाही तगादा आहे. लोकपालाकडे जाऊ का?

लोकपाल या दोघांपैकी कुणावरही चालत नाही. महाराष्ट्रात पतसंस्था सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली येते. कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला घेतल्यावरच कलम १५६ ची जप्ती सुरू होते, म्हणून आधी दाखल्याची प्रत मागा. दाखल्याच्या सुनावणीची नोटीस आली की हजर राहा आणि व्याजाच्या हिशेबावरची हरकत तिथेच नोंदवा. नंतर फेरतपासणी अर्ज करायचा तर थकबाकीची निम्मी रक्कम आधी भरावी लागते, आणि बहुतेक लोक तिथेच अडतात.

सावकाराकडे परवाना आहे का ते तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे विचारा. सावकारी नियमन अधिनियम, २०१४ नुसार विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. परवाना असला तरी मुद्दलापेक्षा जास्त व्याज त्याला वसूल करता येत नाही, दामदुप्पट हीच कमाल. जमीन लिहून घेतली असेल तर कलम १८ खाली ती परत मिळवण्यासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज होतो. खरेदीखत, सात-बारा, पैसे घेतल्या-दिल्याचे बँकेतले पुरावे जोडा. रोखीचे व्यवहार असतील तर साक्षीदारांची प्रतिज्ञापत्रं लागतील. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत वकील मिळतो.